पलंगापासून बाथरूमपर्यंत: एकट्या राहणाऱ्या बाईंचं प्रकरण

मुलाची मागणी अगदी स्पष्ट होती. आईसाठी चोवीस तासांची मदतनीस शोधून द्या. ती मिळत नसेल तर एखादा बरा वृद्धाश्रम सुचवा. आई 79 वर्षांची, गणिताची निवृत्त शिक्षिका. सगळे त्यांना बाईच म्हणतात, म्हणून इथेही तेच. दुसऱ्या मजल्यावर एकट्या राहतात, इमारतीला लिफ्ट नाही, मुलगा दुसऱ्या शहरात. काही आठवड्यांच्या अंतराने त्या दोनदा पडल्या होत्या. हाड मोडलं नव्हतं, पण दुसऱ्या वेळी मध्यरात्रीपासून सकाळपर्यंत त्या फरशीवरच पडून होत्या. कामाला येणाऱ्या ताईंनी बेल वाजवली, आतून हाक आली आणि शेजाऱ्यांनी कुलूप फोडून दार उघडलं. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

ज्येष्ठांना परिसरातल्या सेवांशी जोडून देण्याचं काम मी करते. आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक मागण्या अशाच, सेवेचं नाव आधीच ठरवून आलेल्या असतात. कुटुंब घाबरलेलं असतं आणि घाबरलेल्या माणसाला सगळ्यात मोठं औषध हवं असतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगभरात दरवर्षी सुमारे 6 लाख 84 हजार माणसं पडून दगावतात आणि त्यात साठीपुढच्यांचं प्रमाण सर्वाधिक आहे. तेव्हा मुलाची भीती पोकळ नव्हती. पडण्याइतकंच पडून राहणंही घातक असतं. तासाभराहून जास्त वेळ कठीण जमिनीवर त्याच अंगावर राहिलं की दाबाखालच्या स्नायूंच्या पेशी फुटायला लागतात, त्यातून सुटलेले घटक मूत्रपिंडावर भार टाकतात. अंग गार पडतं, पाणी कमी पडतं, त्वचेला जखमा होतात. बाई यातून थोडक्यात सुटल्या.

पहिल्या भेटीत त्यांनी मला पाणी दिलं आणि म्हणाल्या, "त्याला सांगा, मला काही लागत नाही." पहिल्यांदा पडल्याचं त्यांनी मुलाला कळवलंच नव्हतं. का, ते हळूहळू उलगडलं. ओळखीतल्या एकजणी पडल्या, दवाखान्यात गेल्या आणि तिथून परस्पर मुलीच्या घरी. पुन्हा स्वतःच्या घराचं दार त्यांनी पाहिलं नाही. बाईंनी त्यावरून साधा हिशेब मांडला होता: पडल्याचं सांगितलं की घर सुटतं. अशी गणितं मांडणारी माणसं पडल्याचं लपवतात, औषधं चुकल्याचं लपवतात, गॅस चालू राहिल्याचंही लपवतात. आणि घरच्यांना वाटत राहतं की सगळं ठीक आहे.

म्हणून सेवांची यादी बाजूला ठेवून मी त्यांना एवढंच विचारलं की कालचा दिवस उठल्यापासून झोपेपर्यंत कसा गेला ते सांगा. वृद्धशास्त्रात यासाठी जुनी आणि टिकलेली साधनं आहेत. कॅट्झ यांनी 1963 मध्ये मांडलेली सहा मूलभूत कामं: अंघोळ, कपडे घालणं, शौचाला जाणं, उठबस, मलमूत्रावरचा ताबा, स्वतःच्या हाताने जेवणं. लॉटन आणि ब्रॉडी यांनी 1969 मध्ये त्याला जोड दिली घर चालवण्याच्या आठ कामांची: फोन, खरेदी, स्वयंपाक, घरकाम, कपडे धुणं, प्रवास, औषधं, पैशांचे व्यवहार. मी कागद पुढे करून टिकमार्क करत बसत नाही, त्याने माणूस परीक्षेला बसल्यासारखा आखडतो. गप्पांतच सगळं येतं.

बाईंच्या पहिल्या सहापैकी पाच कामं बिनबोभाट चालली होती. अंघोळीच्या वेळी मात्र त्या नळाला धरून उभ्या राहत. आठांपैकी तीन अडलेली होती: खरेदी, प्रवास आणि औषधं. स्मरणशक्तीची प्राथमिक चाचणीही करून घेतली. तीन शब्द लक्षात ठेवायचे, मधे घड्याळ काढून त्यात अकरा वाजून दहा मिनिटं दाखवायची, मग ते शब्द सांगायचे. घड्याळ काढताना बाई म्हणाल्या, "आयुष्यभर हे मुलांकडून करून घेतलं, आता माझी पाळी." घड्याळ बिनचूक होतं, शब्दही तिन्ही आले.

अशा माणसाला चोवीस तासांची मदतनीस कशासाठी? दिवसभर ती बाईंच्या हातातली कामं काढून घेणार, आणि न वापरलेले पाय महिन्या-दोन महिन्यांत आणखी कमजोर होणार. म्हातारपणी काळजी घेण्याच्या नावाखाली माणसाला बसवून ठेवणं हा मला सर्वांत मोठा आणि सर्वांत प्रेमळ धोका वाटतो. मुलाला हे पटवायला वेळ लागला. "पण रात्री काय?" हा त्याचा प्रश्न मात्र बिनतोड होता, कारण दोन्ही वेळा बाई रात्रीच पडल्या होत्या, आणि दोन्ही वेळा पलंग ते बाथरूम या बारा फुटांत.

तेव्हा आम्ही या बारा फुटांपासून सुरुवात केली.

घरातली झाडून सगळी औषधं एका पिशवीत घालून फॅमिली डॉक्टरांकडे न्यायची, हे पहिलं काम. चालू, बंद, शेजारणीने दिलेली, कधीतरी उरलेली, सगळी. पिशवीतून तीन वेगवेगळ्या डॉक्टरांनी लिहून दिलेल्या गोळ्या निघाल्या. रक्तदाबाची एक, त्याच्याच जोडीला लघवी वाढवणारी एक, जी बाई संध्याकाळी घेत, कारण दिवसा बाहेर गेल्यावर पंचाईत नको. झोपेची गोळी यजमान गेले तेव्हा काही दिवसांसाठी लिहिलेली. ती कुणीच बंद केली नव्हती. शिवाय अंगाला खाज येते म्हणून दुकानातून आणलेली, सुस्ती आणणारी जुन्या पद्धतीची ॲलर्जीची गोळी. एकेक गोळी पाहिली तर प्रत्येकीला कारण आहे. एकत्र पाहिलं की चित्र वेगळं दिसतं: संध्याकाळच्या गोळीने रात्री दोन-तीनदा उठायला लावायचं आणि झोपेच्या आणि ॲलर्जीच्या गोळीने त्या उठलेल्या माणसाचा तोल घालवायचा.

वृद्धांनी शक्यतो टाळायच्या औषधांची एक प्रसिद्ध यादी आहे. मार्क बीअर्स या डॉक्टरांनी ती 1991 मध्ये प्रथम केली, पुढे अमेरिकेतल्या वृद्धवैद्यक संघटनेने ती सांभाळली, 2023 मध्ये ती पुन्हा सुधारली. बाईंच्या पिशवीतली झोपेची आणि ॲलर्जीची, दोन्ही गोळ्या त्या यादीत बसतात. पण यादी हाती घेऊन कुणी घरच्या घरी गोळ्या बंद करू नयेत. बाईंची झोपेची गोळी ज्या जातीची होती ती एकदम थांबवली तर झोप पार उडते, बेचैनी येते, क्वचित झटकेही येतात. डॉक्टरांनी ती कित्येक आठवड्यांत उतरवत आणली. लघवीची गोळी सकाळवर नेली. ॲलर्जीची बंद करून त्वचा कोरडी पडू नये यासाठी मलम दिलं. खाजेचं कारण तेवढंच होतं.

रक्तदाबही नीट मोजला, म्हणजे आडवं असताना आणि मग उभं राहिल्यावर. बसवून एकदा पट्टा बांधला की झालं, अशी पद्धत सगळीकडे आहे आणि तीत हा दोष निसटतो. पाच मिनिटं पडून राहिल्यावर बाईंचा वरचा आकडा 142 होता, उभं राहून मिनिटभरात तो 116 वर आला. तीन मिनिटांच्या आत वरचा आकडा 20 किंवा खालचा 10 ने उतरला तर उभं राहताना रक्तदाब कोसळतो असं धरतात. बाईंना ते जाणवायचं, पण त्या त्याला "अंधारी" म्हणत आणि वयावर ढकलत. आता त्या रात्री उठताना आधी पलंगाच्या कडेला बसतात, पावलं वरखाली हलवतात, मग उभ्या राहतात. या सवयीला पैसा लागला नाही की माणूस लागलं नाही.

घराकडे वळलो तेव्हा कळलं, दिव्याचं बटण खोलीच्या पलीकडच्या भिंतीला होतं. म्हणजे उजेड करायला आधी अंधारात चालायचं. वाटेत सुटं पायपुसणं. बाथरूमचा उंबरठा फरशीच्याच रंगाचा, त्यामुळे उतरत्या नजरेला तो दिसतच नाही. आणि दार आत उघडणारं. या शेवटच्या गोष्टीकडे कुणाचं लक्ष जात नाही. आत पडलेलं माणूस दाराला टेकून पडलं तर बाहेरच्याला दार ढकलता येत नाही, ढकललं तर आतल्याला इजा होते. सुताराने बिजागऱ्या बदलून दार बाहेर उघडणारं केलं आणि कडीच्या जागी बाहेरूनही उघडता येईल असा लॅच लावला. पायपुसणं गेलं. पलंगाच्या पायाशी, माणूस उठलं की आपोआप लागणारा छोटा दिवा बसला. उंबरठ्यावर गडद पट्टी आली.

आधाराच्या दांड्यावरून थोडा वाद झाला. मुलाने हवेच्या दाबाने चिकटणारे दांडे मागवले होते, भिंतीला भोकं पाडायला नको म्हणून. ते मी लावू दिले नाहीत. घसरणाऱ्या माणसाचा सगळा भार एका झटक्यात दांड्यावर येतो. ओल्या टाइलवरची रबराची पकड तेव्हा सुटते. दांडा भिंतीत स्क्रूने पक्का हवा, आणि कुठे हवा हे दुकानदाराने किंवा मुलाने ठरवायचं नाही. बाईंना उठायला-बसायला सांगून, हात आपोआप जिथे जातो तिथे पेन्सिलीने खूण करायची आणि तिथेच दांडा बसवायचा. टॉवेलची दांडी म्हणजे आधार नव्हे, हे बाईंनाच सांगावं लागलं.

अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या नर्सिंग विभागातून सेरा सँटन यांनी उभा केलेला केपेबल नावाचा कार्यक्रम मला यासाठीच महत्त्वाचा वाटतो. त्यात नर्स असते, ऑक्युपेशनल थेरपिस्ट (रोजची कामं स्वतःची स्वतः जमावीत म्हणून मदत करणारा तज्ज्ञ) असतो आणि तिसरा असतो घरदुरुस्तीची कामं करणारा कारागीर. आरोग्याच्या चमूत कारागिराला बरोबरीने बसवणं ही मोठी समजूत आहे. शिवाय काय साधायचं ते वयस्क माणूस स्वतः ठरवतं. बाईंना मी तेच विचारलं, तर उत्तर अनपेक्षित आलं. पडण्याबद्दल त्यांना फारसं बोलायचंच नव्हतं. त्यांना आठवड्यातून एकदा वाचनालयात जायचं होतं. जिन्याच्या धास्तीने ते कित्येक महिने बंद होतं.

मग खरं सेवा शोधणं सुरू झालं. इथे आमच्या कामाबद्दल थोडं कडवट बोलायला हवं. ज्येष्ठांसाठीच्या सेवांच्या याद्या पुष्कळ असतात आणि त्यांतले बरेच नंबर लागत नाहीत. कुणी काम सोडलेलं असतं, कुणाच्या यादीत नाव लागायला महिने जातात, कुणी "तुमच्या भागात येत नाही" म्हणतं. ऐंशीच्या घरातल्या, कमी ऐकू येणाऱ्या माणसाच्या हातात अशी यादी द्यायची आणि नोंदवहीत "माहिती दिली" असं लिहून मोकळं व्हायचं, याला मी सेवा मानत नाही. फोन आम्ही बाईंच्या समोर बसून, स्पीकर लावून करतो. त्यांची ओळख करून देतो, पहिली भेट ठरेपर्यंत थांबतो, आणि ती भेट झाली का हे नंतर दोन्हीकडे विचारतो. या शेवटच्या विचारण्यातच अर्ध्या गोष्टी गळालेल्या सापडतात.

प्रवासाची सेवा पाहा. "ज्येष्ठांसाठी वाहन" एवढ्या नावाखाली तीन वेगळ्या गोष्टी येतात. एक गाडी रस्त्याच्या कडेला थांबते, तुम्ही तिथवर या. दुसरीचा चालक इमारतीच्या दारापर्यंत येतो. तिसरीत माणूस घरात येतो, पिशवी घेतो, जिन्यावर सोबत करतो आणि परतल्यावर पुन्हा घरात आणून सोडतो. बाईंसाठी ठरलेली गाडी पहिल्या प्रकारची निघाली. चालकाने खालून हॉर्न दिला, बाई जिन्यावर दोन पायऱ्या उतरल्या आणि परत फिरल्या. वाहन त्यांच्या कामाचं नव्हतं असं नाही, मधले दोन मजले कुणाच्याच कामात बसत नव्हते. शेवटी वेळ देणाऱ्या स्वयंसेवकांपैकी एक मुलगी मिळाली, जी वाचनालयाच्या दिवशी वर येते. बाई एका हाताने कठडा धरतात, ती एक पायरी खाली राहते.

फिजिओथेरपिस्ट मिळाले, आले, आणि काही आठवड्यांतच यायचे थांबले. दुसरे शोधले. या बाबतीत मात्र मी चिवट आहे, कारण पडणं कमी करण्याचा सर्वांत भक्कम पुरावा व्यायामाच्या बाजूने आहे. 2019 मध्ये कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे पडताळणाऱ्या संस्थेने 100 हून अधिक चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हा व्यायामाने पडण्याचं प्रमाण सुमारे 23 टक्क्यांनी घटतं असं दिसलं. नुसतं चालणं त्यासाठी पुरत नाही. तोल आणि पायांची ताकद यांचा व्यायाम लागतो. खुर्चीतून हात न टेकता उठणं, टाचा उचलणं, ओट्याला धरून एका पायावर उभं राहणं. खुर्चीतून उठून 3 मीटर चालायचं, वळायचं आणि परत येऊन बसायचं, अशी 1991 पासूनची एक सोपी चाचणी आहे. 12 सेकंद किंवा अधिक लागले तर पडण्याचा धोका आहे असं समजतात. बाईंना सुरुवातीला 17 लागले. सहा महिन्यांनी 13. त्यांनी स्वतः वहीत आलेख काढला आहे.

एकाच फोनवर सगळं जुळवून देणारी यंत्रणा रहिवाशांनीच उभी केल्याचं उदाहरण बॉस्टनमध्ये आहे. बीकन हिल वस्तीतल्या ज्येष्ठांनी वर्गणी काढून संस्था केली आणि 2002 मध्ये ती सुरू झाली. प्लंबरपासून दवाखान्याच्या सोबतीपर्यंत, पारखून घेतलेली माणसं एका नंबरावर. पुढे अमेरिकेत असे कितीतरी गट झाले. वर्गणी न परवडणारे त्यात मागे राहतात, ही त्याची उणीव. पण मला त्यातली एक गोष्ट फार पटते: मदत घेणारेच तिथे मालक आहेत, त्यामुळे मदत मागताना मान खाली जात नाही.

आपत्कालीन बटणाचं प्रकरण गमतीचं झालं. गळ्यात घालायचं बटण मुलाने पाठवलं, बाईंनी ते देव्हाऱ्याशेजारच्या खिळ्याला टांगलं. "पडले तर दाबेन की." पडल्यावर खिळ्यापर्यंत हात कसा पोचणार, हे त्यांना भूमितीनेच समजावलं. आता ते मनगटावर असतं, अंघोळीतसुद्धा, कारण ते पाण्यात चालतं. किल्ली शेजारच्या दोन घरांत ठेवली. एकाच घरी ठेवली तर ते घर सुट्टीवर असतानाच गरज पडते. मुलाला कॅमेरे हवे होते. बाईंनी ठाम नकार दिला आणि मी त्यांच्या बाजूने राहिले. त्याऐवजी ठरलं ते असं: रोज सकाळी आठच्या आत बाईंनी मुलाला मेसेज टाकायचा, नाही आला तर त्याने फोन करायचा, उचलला नाही तर शेजाऱ्यांना फोन करायचा. त्या रोज एक कोडं पाठवतात. मुलगा बहुतेक वेळा चुकतो.

सगळ्यात कठीण बैठक यापैकी कशावरच नव्हती. ती होती घर कधी सोडायचं यावर. कुटुंबं हा विषय आजारपण येईपर्यंत टाळतात आणि मग दवाखान्याच्या व्हरांड्यात, घाईने, वयस्क माणसाच्या अनुपस्थितीत निर्णय घेतात. आम्ही तो आधीच, तिघांनी बसून कागदावर घेतला. नुसतं पडणं हे घर सोडायचं कारण धरायचं नाही. त्यामुळे बाईंना लपवायचं कारण उरलं नाही. गॅस वारंवार चालू राहायला लागला, पलंगावरून स्वतःहून उठता येईना, किंवा रात्री मदत रोजच लागायला लागली, तर पुन्हा बसायचं. मुलाला एक कलम जास्त हवं होतं: ऐंशी पूर्ण झाली की आपोआप विचार. ते बाईंनी खोडलं. "वय ही अट होत नाही," म्हणाल्या, "माझी तर नाहीच." त्यांच्या वतीने बोलायची वेळ आली तर कोण बोलेल, तेही लिहिलं. मुलाबरोबर त्यांनी एका जुन्या विद्यार्थिनीचं नाव दिलं. मुलाला ते थोडं लागलं, पण त्याने मानलं.

चौथ्या महिन्यात बाई पुन्हा पडल्या, या वेळी दुपारी, स्वयंपाकघरात, वरच्या फळीवरचा डबा काढताना. बटण दाबलं, शेजारी काही मिनिटांत आत आले. फॅमिली डॉक्टरांनी तपासलं, खरचटण्यापलीकडे काही नव्हतं. त्याच संध्याकाळी त्यांनी मुलाला सगळं सांगितलं. मुलाने मला फोन करून विचारलं की म्हणजे हे सगळं फसलं का. मी नाही म्हटलं. या वेळी त्यांना रात्रभर फरशीवर राहावं लागलं नव्हतं आणि त्यांनी काही लपवलंही नव्हतं. फळीवरचे डबे खाली आले, एवढीच त्यावरची दुरुस्ती.

सध्या आठवड्यातले तीन दिवस दुपारी एक मदतनीस येते, खरेदी आणि जड कामांसाठी. स्वयंपाक बाईच करतात. औषधं दुकानातून आठवड्याच्या खणांत भरून येतात. नजरेचा प्रश्न शिल्लक आहे. एका डोळ्यातला मोतीबिंदू पिकला आहे आणि त्या जिन्यावरही जवळ-लांबचा एकच चष्मा वापरतात, ज्याच्या खालच्या भागातून पायऱ्या धूसर दिसतात. शस्त्रक्रिया झाल्यावर बाहेरच्यासाठी फक्त लांबचं दिसणारा वेगळा चष्मा करायचं ठरलं आहे.

दोन मजल्यांचा जिना मात्र कुठल्याही सेवेने सुटत नाही. जिन्याला बसवायच्या चालत्या खुर्चीचा पर्याय काढला, तर बाकी रहिवाशांची संमती लागते आणि जिना त्या मानाने अरुंद आहे. त्याच इमारतीत तळमजल्यावरचं घर भाड्याने घ्यायचं आणि वरचं भाड्याने द्यायचं, हे मी सुचवलं आहे. शेजारी तेच राहतात, किल्ल्या तिथेच राहतात, वाचनालय तेवढ्याच अंतरावर. माझ्या मते हेच योग्य आहे, आणि आज बळ आहे तोवर करण्यात सोय आहे. बाईंना वरच्या गॅलरीतला उजेड सोडवत नाही. डोळ्याचं झाल्यावर बघू म्हणतात. शस्त्रक्रियेनंतरच्या भेटीत पुन्हा जिना चढून-उतरून पाहायचा आणि तळमजल्याचं घर त्यांनी स्वतः आत जाऊन बघायचं, एवढं त्यांनी कबूल केलं आहे.